युरेनियम सुरावर फुटत नाही

बारावीच्या मुलांच्या ग्रुपमधून फिरत फिरत हा मेसेज आमच्याही घरात पोचला: ‘प्रत्येक अणुकेंद्रकाची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. ती लावली की युरेनियम काचेच्या पेल्यासारखं फुटतं. शास्त्रज्ञ याला जायंट रेझोनन्स म्हणतात. अणुभट्टी नको, कचरा नाही, वीज फुकट. फाइव्ह-जीचा टॉवरसुद्धा हे करू शकतो.’ मुलं हे खरं धरून चालली आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी पेला. तो शेकडो वेळा थरथरतो, दर हेलकाव्याला थोडी ऊर्जा साठते आणि शेवटी तडकतो. युरेनियम-२३८ च्या केंद्रकात साठायला वेळच नसतो. गॅमा किरणांचा एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशऊर्जेची एक पुडी, शोषला जातो आणि सगळे प्रोटॉन एका बाजूला, सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला सरकतात. हाच तो रेझोनन्स. पण एक हेलकावा पुरा व्हायच्या आत ती ऊर्जा आतल्या २३८ कणांत वाटली जाते. केंद्रक फुटत नाही, तापतं. मग बहुतेक वेळा एखादा न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो. दुभंगण्याची पाळी त्यामानाने कमी वेळा येते. दुभंगायचं तर केंद्रकाला लांबट व्हावं लागतं, आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या या सरकण्याने ते लांबत नाही.

‘ठरलेली फ्रिक्वेन्सी’ही नाही. हे केंद्रक मुळातच लांबुळकं असल्यामुळे कोणत्या ऊर्जेचे किरण किती शोषले जातात याच्या आलेखात ११ आणि १४ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) आसपास दोन पसरट उंचवटे दिसतात, तेही एकमेकांत मिसळलेले. विखंडन, म्हणजे केंद्रकाचं दुभंगणं, तर ६ एमईव्हीच्या सुमारालाच सुरू होतं, रेझोनन्सच्या कितीतरी खाली.

गॅमा किरणांनी युरेनियम दुभंगतं, एवढं मात्र खरं. १९४७ साली बाल्डविन आणि क्लायबर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बीटाट्रॉनवर (इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र) युरेनियम आणि थोरियम घेऊन हेच मोजलं, आणि त्यातूनच हा रेझोनन्स हाती लागला.

फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या फोटॉनपेक्षा इथे लागणारा फोटॉन सुमारे ९० हजार कोटी पट ऊर्जेचा असतो. विषय संपला. कचऱ्याचं म्हणाल तर विखंडनातूनच सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी पदार्थ तयार होतात. दोघांचंही अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षांच्या घरात.

राहिली फुकट वीज. फ्रान्समध्ये ऑर्से इथे आल्टो नावाची यंत्रणा आहे. तिथे ५० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांचा १० मायक्रोअँपिअरचा झोत युरेनियम कार्बाइडवर सोडतात. इलेक्ट्रॉन आत अडतात, त्यातून गॅमा किरण निघतात आणि सेकंदाला सुमारे १०,००० कोटी विखंडनं होतात. आकडा प्रचंड वाटतो. हिशेब करा: एका विखंडनाचे २०० एमईव्ही धरले तर सगळे मिळून जेमतेम ३ वॉट. झोतात घातलेले ५०० वॉट. आणि तो झोत तयार करायला भिंतीतल्या प्लगमधून जी वीज जाते, ती वेगळीच.