तो सापळ्याचा फोटो मुलींना दाखवू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका, बचत गटाच्या दोघी ताई, माझी सख्खी मावशी आणि बाकीचे असेच ओळखीपाळखीचे. वर ठळक अक्षरांत, ‘वयात येणाऱ्या मुलींच्या पालकांनी व शिक्षकांनी आवर्जून वाचा, पुढे पाठवा.’

मजकूर थोडक्यात असा. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया हे श्रीमंत घरच्या मुलींचे डाएटचे नाद आहेत. (पहिल्यात माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो, दुसऱ्यात भसाभसा खाऊन मग ते काहीही करून भरून काढतो.) आपल्याकडे उपास करून कधी कुणी मेलं नाही. तरीही आता हे लोण आलंच आहे, तर शाळेत आणि महिला मंडळात व्याख्यान ठेवा. हाडांचा सापळा झालेल्या मुलींचे फोटो दाखवा, म्हणजे भीती बसेल. या मुली घरच्यांपासून लपवून काय काय करतात ते उघड सांगा, म्हणजे आया सावध होतील. बरी झालेली एखादी मुलगी बोलवा आणि तिला सगळं सांगू द्या. शेवटी सगळ्यांचं वजन करून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, हातात द्या. आणि मुळात आईचं लक्ष असेल तर हे होतच नाही.

लिहिणाऱ्याच्या हेतूवर मला शंका नाही. पण मी गेली पंधरा वर्षं समुपदेशनाचं काम करते, गावोगावी या विषयावर बोलते, आणि यातल्या निम्म्या सूचना मी एकेकाळी स्वतः अमलात आणल्या आहेत. त्यामुळे उत्तर देणं मी लागते.

फोटोंपासून सुरुवात करते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडले आहे. एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी दोन फोटो दाखवले होते, एकाच मुलीचे, आजाराआधीचा आणि आजारातला. हॉलभर ‘अगं बाई’ उमटलं. मला वाटलं, लागलं बरोबर. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी स्टेजपाशी रेंगाळत होती. तिने विचारलं, ‘मॅडम, दुसऱ्या फोटोत तिचं वजन किती होतं?’ चौकस दिसतेय पोरगी, असं म्हणून मी आकडा सांगितला. सात-आठ महिन्यांनी तिची आत्या तिला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा कळलं, तो आकडा तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. आजार माझ्यामुळे सुरू झाला नव्हता, तो आधीपासूनच होता. पण त्याला गाठायची खूण मी दिली.

आपल्याला तो फोटो पाहून धस्स होतं. ज्याच्या डोक्यात आजार शिरलाय त्याला तो स्पर्धेचा निकाल वाटतो. ही माझ्यापुढे गेली. किंवा उलटं, मी कुठे एवढी वाळलेय, म्हणजे मला काही झालेलं नाही.

आयांचंही यात नुकसानच होतं. फोटोतली ती मुलगी एकदा मनात बसली, की घरातली अंगाने भरलेली मुलगी आजारी असेल असं त्यांना सुचतच नाही. खाण्याच्या विकारांत सर्वांत जास्त आढळतो तो एका बैठकीत भान सुटून भसाभसा खाण्याचा, म्हणजे बिंज ईटिंगचा. त्यातली माणसं सापळ्यासारखी दिसत नाहीत. बुलिमियात वजन बहुधा चारचौघांसारखंच असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत तर अ‍ॅनोरेक्सियाचा असाही प्रकार नोंदवला, की वजन खूप घटलंय, बाकी लक्षणं सगळी आहेत, पण काट्यावरचा आकडा अजून ‘नॉर्मल’ आहे. ब्रिटनमधली ‘बीट’ ही संस्था किंवा ऑस्ट्रेलियातला ‘माइंडफ्रेम’ प्रकल्प पत्रकारांना सांगतो ते याचसाठी: असे फोटो नकोत, वजनाचे आणि कॅलरीचे आकडे नकोत, रीत नको. तुम्ही पाहिलंत तर या लेखातही वजनाचा आकडा नाही.

‘काय काय करतात ते उघड सांगा’ या सूचनेचं उत्तर त्या ‘रीत नको’मध्येच आहे. हॉलमध्ये आई आणि मुलगी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. आईला जी सूचना म्हणून ऐकू येते, ती मुलीला कृती म्हणून ऐकू येते. साहित्य, प्रमाण, वेळ, सगळं. तेव्हा लपवाछपवी कशी करतात ते सांगायचं नाही, बाहेरून काय दिसतं ते सांगायचं. डबा तसाच परत येतो. जेवणाची वेळ झाली की रोज नवं निमित्त निघतं. पाळी थांबते, चक्कर येते, वैशाखातही थंडी वाजते. मुलगी हौसेने सगळ्यांसाठी रांधते, आग्रह करकरून वाढते, आणि स्वतः पानावर बसत नाही. आईला एवढं पुरतं.

बरी झालेली मुलगी बोलवण्याची कल्पना मात्र ऐकायला इतकी चांगली वाटते की तिच्याविरुद्ध बोलताना मलाच कसंतरी होतं. पण हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसमोर आजारातून बाहेर पडलेल्या मुलींनी आपले अनुभव सांगितले आणि माहिती दिली. पुढे तपासलं तेव्हा कार्यक्रमाला बसलेल्या मुलींत लक्षणं न बसलेल्यांपेक्षा किंचित जास्त निघाली. संशोधकांना शंका आली ती अशी: समोर छान, हुशार, हसऱ्या मुली उभ्या होत्या, आजाराची लाज कमी करायच्या नादात तो नेहमीचाच वाटायला लागला असावा. हा निबंध 1997 चा. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या गटाने 13-14 वर्षांच्या शाळकरी मुलींवरचा एक अभ्यास छापला. आठ तासिकांनंतर मुलींचं ज्ञान वाढलं, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर खाण्यावर बंधनं घालायची वृत्ती आधीपेक्षाही वाढलेली. लहान अभ्यास होता तो, त्यावर जगाचा निकाल लावता येणार नाही. पण ‘माहिती दिली की काम झालं’ हा माझा समज मात्र तिथेच संपला.

मग तोंडाला कुलूप लावायचं का? तेही नाही. गप्प राहिल्याने हा आजार फक्त लपतो. डायानाने 1995 च्या बीबीसीवरच्या मुलाखतीत बुलिमियाला गुप्त आजारच म्हटलं होतं. (ती मुलाखत कशी मिळवली गेली यावरून पुढे गदारोळ झाला, तो विषय वेगळा.) प्रश्न बोलायचं की नाही हा नाही, काय बोलायचं हा आहे. अमेरिकेत एरिक स्टाइस यांनी उभा केलेला ‘बॉडी प्रोजेक्ट’ आजारावर व्याख्यान देतच नाही. तिथे मुलींनाच सांगतात, बारीक म्हणजेच सुंदर या समजाविरुद्ध तुम्ही बोला, लिहा, वाद घाला. स्वतःच्या तोंडून निघालेलं माणसाला सोडता येत नाही. याच्या कितीतरी चाचण्या झाल्या आणि फायदा दिसला. आमच्याकडे मी याचा गावठी अवतार करते: हळदीकुंकवाला भेटणारी काकू ‘काय गं, तब्येत सुधारली!’ म्हणाली तर तिला काय उत्तर द्यायचं, यावर मुलींचे दोन गट भांडतात. हॉल दणाणून जातो.

आणि बरी झालेली मुलगी बोलवायचीच असेल, तर ती सज्ञान असू दे, ती स्वतःहून तयार असू दे, आणि आधी बसून ठरवा. मदत कुणाकडे मागितली, पहिल्यांदा कुणी नीट ऐकून घेतलं, उपचार कसे गेले, आज ती काय करते, हे तिने सांगावं. किती किलो, किती दिवस, कशी फसवायची, हे नाही. कार्यक्रमानंतर तिच्यासोबत चहाला कुणीतरी थांबा. सगळं उकरून सांगितल्यावर ती एकटी एसटीत बसून घरी जाते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

श्रीमंत मुलींचा नाद, हा मुद्दा सर्वांत जुना. फिजी बेटांवर नाड्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरची खूण, आपल्याकडे होतं तसंच. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी टीव्ही येताना आणि तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची चाचणी घेतली. खाण्याबाबत धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. त्या काही धनाढ्यांच्या लेकी नव्हत्या.

हाँगकाँगची गोष्ट त्याहून बोलकी आहे. तिथले मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अ‍ॅनोरेक्सियाच्या 70 रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्याहून जास्त जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट गच्च वाटतं, घास उतरत नाही, एवढंच ते सांगत. पुढच्या वर्षी एक शाळकरी मुलगी भर रस्त्यात कोसळून गेली, वर्तमानपत्रांनी पानं भरली, आणि आजाराचं वर्णन मात्र पाश्चात्त्य पुस्तकातून उचललं: जाडीची भीती. पुढच्या काळात तिथे जाडीची भीती सांगणारे रुग्ण वाढत गेले. सगळं बातम्यांमुळेच झालं असं कुणी म्हणू नये, जाहिराती होत्या, जिम होत्या. पण आजार कसा ‘दिसायला हवा’ हे आपण लोकांना शिकवत असतो, ही गोष्ट व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने उशाशी ठेवावी.

आपल्याकडेही 1995 मध्ये डॉक्टरांनी पाच तरुणींची नोंद केली होती. खाणं सुटलेलं, वजन घटलेलं, पाळी थांबलेली, पण आपण जाड आहोत असा भ्रम नाही. अशा मुली आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतात, मग पोटाच्या डॉक्टरांकडे जातात, मग कुणीतरी दृष्ट काढतं. ‘डाएटचा नाद’ शोधणाऱ्याला त्या सापडायच्याच नाहीत. मुलगेही सापडत नाहीत, कारण त्यांचं सगळं ‘जिम लावलीय’ या दोन शब्दांत झाकलं जातं.

उपासाबद्दल बोलायचं तर आपल्या उपासाची आपणच थट्टा केली आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. त्या उपासाला दिवस ठरलेला असतो, सोबत असते, आणि पारणं असतं. आजारात पारणं नसतं. मुलगी सोमवार धरते, मग गुरुवार, मग संकष्टी, आणि घरात तिचं कौतुक होत राहतं. मी कुणाला उपास सोडा असं सांगत नाही, आणि सांगितलं तर पुढचं व्याख्यान मिळायचं नाही. मी आजीला विचारते, उपास सोडताना नात आनंदाने जेवते का हो? आजीला बरोबर कळतं.

‘कुणी मेलं नाही’ हे मात्र साफ खोटं. शरीरातलं पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते तरुणपण बघत नाही. 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर अ‍ॅनोरेक्सियातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा पाचपटीहून जास्त होतं, आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा. (मनात तसे विचार येत असतील तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.) फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला धाकदपटशाने पोटभर जेवू घालणंही धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली येऊ शकतं. म्हणून डॉक्टर लागतात.

उपासमार डोक्याचं काय करते तेही माहीत आहे. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. मनाने खणखणीत म्हणून निवडलेले गडी. ते चिडचिडे, उदास झाले, जेवणाशिवाय दुसरा विचार करेनात, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. उपाशी मेंदूचं हे असं होतं. त्याला फोटोने भीती घालून शहाणं करता येत नाही.

आता वजनकाटा. मधुमेह, लठ्ठपणा यांची काळजी करणारे इथे माझ्यावर चिडतात आणि त्यांचंही खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या, 18.7 टक्के प्रमाणाबाहेर बारीक, आणि 57 टक्के रक्त कमी असलेल्या आढळल्या. वजन मोजावंच लागतं. पण कसं? एक मुलगी काट्यावर, बाई मोठ्याने आकडा वाचतात, दुसरी वहीत लिहिते, मागून हशा. हे तुम्हीआम्ही सगळ्यांनी भोगलंय. आडोसा करा, आकडा कागदावर राहू द्या, शेरा मारू नका. आणि खाण्याच्या विकारांवरच्या व्याख्यानानंतर तर नकोच. बाकीच्यांना चालणारा सल्ला या श्रोत्यांना चालत नाही. अमेरिकेतल्या याच विषयावरच्या राष्ट्रीय संस्थेला 2023 मध्ये आपला चॅटबॉट बंद करावा लागला, कारण तो मदत मागायला आलेल्या माणसांना वजन कमी करायच्या युक्त्या देत होता.

आईचं लक्ष. याला तीनच वाक्यं देते. 2019 मध्ये जवळपास 17,000 रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि अ‍ॅनोरेक्सियाशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या. त्यात ‘आई’ नावाची जागा नाही. उलट लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून निघालेल्या उपचारपद्धतीत मुलीला पुन्हा खाऊ घालायचं मुख्य काम आईवडिलांकडेच असतं, म्हणजे जिला आपण हॉलमध्ये सगळ्यांसमोर खजील करतो तीच उद्या औषध असते.

मुख्याध्यापिकाबाईंना काल फोन केला. व्याख्यानाला येते म्हटलं, दोन अटींवर. वजनकाटा त्या दिवशी शाळेच्या खोलीत कुलूपबंद राहील. आणि मुलींच्या आधी एक तास मला शिक्षकांसोबत हवाय, कारण माझं ऐकून एखादी मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेकडे गेली, तर बाई तिला काय म्हणणार ते आधी ठरलेलं असायला हवं. बाई म्हणाल्या, ‘आणि ते फोटो?’ मी म्हटलं, फोटो नाहीत. ‘मग स्क्रीन लावायची की नाही?’ नको, खुर्च्या गोल लावा.