ओव्हरडोसने मृत्यू आणि '३०२'चा मेसेज

'पोरगा ओव्हरडोसनं गेला की पुडी देणाऱ्यावर थेट ३०२, फाशीच!' असा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तसं नाही. मुळात १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत खुनाला जुन्या दंड संहितेतल्या ३०२ऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेतलं कलम १०३ लागतं; या न्याय संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याचं! खुनासाठी इरादा किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. स्वतःच्या हातानं नशा केलेल्याच्या बाबतीत ते भलतंच अवघड. पुरावा तसा असेल तर सदोष मनुष्यवध (१०५) किंवा हलगर्जीपणा (१०६) लावता येतो.

म्हणून देणारा सुटला, असंही नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोणी मेलं नाही तरी विक्री गुन्हाच. एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) ५० ग्रॅमच्या वर सापडलं तर किमान १० वर्षं सक्तमजुरी.