मॉडिफाइड डिझेल पिकअप : एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या पिकअपमधील बदलांविषयीच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. त्यात आपले तीन आक्षेप आहेत. अशा गाड्या काळा धूर ओकत फिरतात आणि मालकाच्या हौसेची किंमत इतरांच्या फुप्फुसांना मोजावी लागते, हा पहिला. ज्या कंपनीने शेकडो अभियंत्यांकडून गाडी तयार करून घेतली, तिच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असे मानणे हा अहंकार आहे, हा दुसरा. उंच उचललेली, मोठ्या टायरांची गाडी रस्त्यावरच्या इतरांना धोकादायक असते, हा तिसरा. शेवटी, आपला पुतण्या अशीच एक वापरलेली गाडी घेण्याच्या विचारात असून मी त्याला परावृत्त करावे, अशी अपेक्षाही आपण व्यक्त केली आहे. तिन्ही आक्षेप सारख्या वजनाचे नाहीत, म्हणून उत्तरही सारख्या लांबीचे देत नाही.

धुराबाबत आपल्याशी माझा वाद नाही; उलट आपण याहून कठोर लिहायला हवे होते, असे मला वाटते. डिझेल इंजिनाची ताकद पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवा अडवून कमी-जास्त केली जात नाही. ती ठरते सिलिंडरमध्ये फवारल्या जाणाऱ्या डिझेलच्या मात्रेवर. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, पण फवारा आणि हवा यांची सरमिसळ कधीच परिपूर्ण होत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा हाताशी असावी लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवत गेले, की जळण अर्धवट राहते आणि उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. मुद्दाम काळे लोट सोडण्याच्या ज्या प्रकाराला 'रोलिंग कोल' म्हणतात, त्यात ताकदीचे प्रदर्शन होत नसून पैसे देऊन भरलेले इंधन न जळता हवेत फेकले जात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले आहे. हे ठाऊक असताना जो माणूस सायकलस्वाराच्या तोंडावर धूर सोडतो, त्याच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याकडे काहीही नाही.

त्याहून गंभीर प्रकार मात्र डोळ्यांना दिसत नाही. 'डिलीट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी एससीआर यंत्रणा आणि धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी ईजीआर यंत्रणा काढून टाकतात आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, ते सर्व जागेवर असल्याचे भासवणारी फाइल भरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० च्या अहवालात असा अंदाज दिला, की त्याआधीच्या दशकभरात तेथील ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषण-नियंत्रण निकामी करण्यात आले आणि त्यामुळे त्या गाड्यांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाईल. तेथील स्वच्छ हवा कायद्यानुसार हे बेकायदेशीर आहे. पण कायदा नसता तरी माझे मत बदलले नसते. मॉडिफिकेशनची आवड असणाऱ्यांनीच हे स्पष्टपणे म्हणायला हवे, कारण आपल्यासारख्या वाचकाने सर्व मॉडिफाइड गाड्यांना एकाच तराजूत तोलावे, याला ही डिलीट केलेली वाहनेच कारणीभूत आहेत.

माझ्या गाडीवर फिल्टर, एससीआर आणि ईजीआर जागेवर आहेत, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. ते ठेवण्याचा एक तांत्रिक लाभही आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी ठराविक प्रमाणात जमली, की साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला ती जाळून टाकली जाते; यालाच रीजनरेशन म्हणतात. पुष्कळ इंजिनांत हे तापमान गाठण्यासाठी पॉवर स्ट्रोक संपल्यानंतर सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल फवारतात आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. म्हणजे ट्यूनिंग (ईसीयूमधील इंधन-हवेची मापे बदलणे) जेवढे धुरकट, तेवढे फिल्टर लवकर भरणार, रीजनरेशन वरचेवर होणार आणि ऑइल पातळ होणार. माझ्या डॅशबोर्डवरच्या छोट्या पडद्यावर फिल्टरमधील काजळीचे प्रमाण सतत दिसते. नवी ट्यूनिंग फाइल भरल्यावर मी अश्वशक्तीच्या आकड्याआधी दोन रीजनरेशनमधले अंतर पाहतो. ते मूळ अंतरापेक्षा कमी झाले, तर ती फाइल माझ्या गाडीवर राहत नाही. फिल्टर काढून टाकणाऱ्याला आपले ट्यूनिंग खराब आहे, हे सांगणारे गाडीत काही उरतच नाही.

आता कंपनीच्या अभियंत्यांचा मुद्दा. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि त्यामुळेच ते नेमके कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतात, हे समजून घेणे मला आवश्यक वाटते. त्यांना एकच गाडी कडाक्याच्या थंडीत आणि भाजणाऱ्या उन्हात, चांगल्या आणि हलक्या इंधनावर, काळजी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मालकाच्या हाती, रिकामी आणि पूर्ण भरलेली, अशी सर्व परिस्थितींत चालवून दाखवायची असते. शिवाय वॉरंटीचा हिशेब आणि उत्पादनाचा खर्च सांभाळायचा असतो. त्यांनी ठरवलेले प्रत्येक माप म्हणजे या सगळ्यांतली तडजोड असते. कंपन्या स्वतः कामाप्रमाणे ही तडजोड बदलतात. फोर्डचे ६.७ लिटरचे पॉवर स्ट्रोक इंजिन २०२० च्या पिकअपमध्ये ४७५ अश्वशक्तीचे होते, तर त्याच इंजिनाला अवजड कामाच्या चेसिस-कॅब वाहनात (केबिन आणि सांगाडा एवढेच असलेल्या, मागे हवी ती बॉडी बसवण्याच्या वाहनात) ३३० अश्वशक्तीवर बांधलेले होते, कारण तेथे इंजिनावर दिवसभर भार असतो. मालकाला आपला वापर नेमका ठाऊक असेल आणि तो मोजमाप करून निर्णय घेत असेल, तर त्याने हीच पद्धत आपल्या एका गाडीपुरती वापरण्यात मला अहंकार दिसत नाही.

याचे एक ठोस उदाहरण देतो. २०११ पासून अमेरिकेतील काही डिझेल पिकअपमध्ये सीपी४ नावाचा उच्च दाबाचा इंधनपंप आला. त्याचे वंगण म्हणजे त्यातून वाहणारे डिझेलच. डिझेलच्या वंगणगुणाची चाचणी घर्षणाने पडणाऱ्या व्रणाच्या आकारावरून करतात. युरोपच्या मानकात त्याची मर्यादा ४६० मायक्रॉन आहे, तर अमेरिकेच्या मानकात ५२० मायक्रॉनपर्यंत सूट आहे; व्रण जितका मोठा, तितके वंगण कमी. या पंपात कॅमवर, म्हणजे फिरत्या उंचवट्यावर, लोळणारा रोलर असलेला टॅपेट (पंपाचा दट्ट्या ढकलणारा भाग) असतो. तो आपल्या जागी किंचित वळला, तर रोलर फिरायचा थांबून कॅमवर घासू लागतो आणि धातूचा बारीक कीस सुटतो. हा कीस पंपापुरता राहत नाही. तो रेल (उच्च दाबाचे डिझेल साठवणारी नळी) आणि इंजेक्टरमध्ये (डिझेल फवारणाऱ्या भागात) शिरतो आणि परतीच्या नळीतून टाकीतही जातो, त्यामुळे एका पंपापायी सबंध इंधनयंत्रणा बदलावी लागते. मॉडिफिकेशन करणारे मालक फार पूर्वीपासून जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनावरचा हा पंप काढून जुन्या, अधिक दणकट सीपी३ पंपाची जोडणी करत आले होते. पुढे २०१९ आणि २०२० च्या डिझेल रॅम पिकअपमध्ये सीपी४ आला, तेव्हा २०२१ मध्ये कंपनीने त्या गाड्या परत बोलावून त्यांचा पंप सीपी३ ने बदलून देण्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या बदलाला आपण गॅरेजमधला अतिशहाणपणा म्हणाल, तोच बदल कालांतराने अधिकृत दुरुस्ती ठरला. सगळेच बदल असे असतात, असा माझा दावा नाही. कोणता बदल कोणत्या कारणासाठी केला, हे विचारल्याशिवाय त्याला शहाणपण किंवा अहंकार ठरवता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

ताकद वाढवण्याबाबत मी स्वतः हात आखडता ठेवतो. १९८९ साली डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन आले, तेव्हा ते १६० अश्वशक्तीचे होते; २०१९ मध्ये त्याच परंपरेतले ६.७ लिटरचे इंजिन कारखान्यातूनच ४०० अश्वशक्ती आणि १००० पौंड-फूट टॉर्क घेऊन बाहेर पडू लागले. एवढ्या ताकदीवर आणखी ताकद चढवण्याची गरज फार थोड्यांना असते. मी खर्च केला तो आहे ती ताकद न थकता चालावी यासाठी : मोठा इंटरकूलर (टर्बोने, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याने, तापलेली हवा गार करणारा), पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरसह लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा), गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी वेगळा कूलर, आणि टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवलेला तापमानाचा प्रोब.

या शेवटच्या वस्तूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ट्रेलर जोडून लांब चढ चढताना रेडिएटरच्या पाण्याचा काटा बराच वेळ जागचा हलत नाही, पण एक्झॉस्टचे तापमान काही क्षणांत चढते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्या पुष्कळ आधीच नरम पडू लागतो. पिस्टनला खालून ऑइलच्या फवाऱ्याने थंड ठेवलेले असते, म्हणून गॅस त्याहून गरम झाला तरी इंजिन तग धरते; पण पुष्कळ इंजिनांत सतत भाराखाली सुमारे ७०० अंश ही मर्यादा पाळण्याचा प्रघात आहे. काटा तिकडे सरकू लागला, की मी एक गिअर खाली घेतो. आरपीएम वाढतात, टर्बो जास्त हवा देतो, तेवढ्याच कामासाठी प्रत्येक फवाऱ्यात डिझेल कमी लागते आणि आकडा उतरताना दिसतो. वेग थोडा कमी होतो, इंजिन वाचते. हा प्रोब न लावता जो ट्यूनिंग करतो, तो आंधळेपणाने गाडी चालवत असतो आणि हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरचे सील) उडाले किंवा पिस्टनला भोक पडले, की दोष कंपनीला देतो.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, म्हणजे आयआयएचएसने, २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ४० इंचांहून उंच बॉनेटच्या वाहनांनी धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या आणि उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. पिकअप मुळातच उंच असते. तिला आणखी सहा-आठ इंच उचलणे मला पटत नाही. समोरून जाणारे मूल दिसले नाही, याला कोणतेही कारण पुरेसे नाही. उंची वाढवल्यावर हेडलाइटचा झोत खाली न घेणारे तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आंधळे करतात.

मोठ्या टायरांचा हिशेबही फार थोडे लोक करतात. ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची बसवले, तर चाकाचा घेर सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ११३ च्या वेगाने धावत असते. ३.७३ चे ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यासाठी लागणारे शाफ्टचे फेरे) व्यवहारात ३.३० इतके लांब होते आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. ब्रेक तेवढाच दाबला, तरी जमिनीवर मिळणारे रोधबल सुमारे ११ टक्क्यांनी घटते. गाडी उचलताना पुढचा ॲक्सल नुसता खाली ढकलला, तर कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण-अक्षाचा मागे असलेला झुकाव) कमी होऊन स्टिअरिंग भरकटते आणि ट्रॅक बारचा (ॲक्सलला मध्यावर धरणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून ॲक्सल एका बाजूला सरकतो. म्हणून मी टायर मूळ मापाहून एकच पायरी मोठे घेतले, स्पीडोमीटर दुरुस्त करून घेतला, ब्रेकचे पॅड आणि डिस्क बदलल्या आणि अलाइनमेंटचा कागद जपून ठेवला. मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअर बॅग) आहेत, पण त्यांच्यामुळे पाटे भाराने खाली बसत नाहीत एवढाच लाभ होतो. ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहत असल्याने कंपनीने ठरवलेली भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही, आणि मीही ती ओलांडत नाही.

राहिला आपल्या पुतण्याचा प्रश्न. त्याला सरसकट परावृत्त करण्याऐवजी आपण स्वतः त्याच्यासोबत ती गाडी पाहायला जावे, अशी माझी विनंती आहे. इंजिन रात्रभर थंड राहिलेले असताना जा. आधी कुलंटच्या टाकीला जोडलेला होज दाबून पाहा. थंड इंजिनातही तो ताठ असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. इंजिन सुरू करून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तोंडावर उलटे ठेवा. आतल्या वाऱ्याने ते उडून पडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. गिअरबॉक्सच्या ऑइलचा वास घ्या. ते करपट आणि काळपट असेल, तर त्या ट्रान्समिशनने पेलण्यापलीकडचा टॉर्क सोसला आहे. इंजिन चालू ठेवून एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि दुसऱ्याने खाली वाकून ट्रॅक बारचे बुश पाहावेत. चासीवर कोठे वेल्डिंग असेल, तर ते कशासाठी केले, हे विचारा.

गाडी बंद करून सायलेन्सरचा पाइप गार झाल्यावर आतून बोट फिरवायला विसरू नका. डीपीएफ शाबूत असेल, तर बोट जवळजवळ स्वच्छ निघते. काजळीने काळे झाले, तर फिल्टर फुटला आहे किंवा काढला आहे. मग गाडीखाली जाऊन त्याचा डबा जागेवर आहे की तेथे सरळ पाइप जोडला आहे, ते पाहावे. तो काढलेला असेल आणि मालकाकडे मूळ फिल्टर व ईसीयूची मूळ फाइल दोन्ही नसतील, तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नये, असे माझ्या नावाने आपल्या पुतण्याला सांगावे.