बाळाला विमानात नेलं म्हणून चिडलेल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही स्वतःबद्दल 'निवृत्त' असं लिहिलंय म्हणून काका म्हणते, राग नसावा.

तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली. तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण नवरा म्हणाला आधी जेवून घे मग काय लिहायचं ते लिही, म्हणून आता लिहून राहिली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देते. मी लेकीला घेऊन पहिल्यांदा नागपूर-पुणे विमानाने गेली त्या लेखाखाली काकांनी लिहिलंय: "एवढ्याशा लेकराला विमानात नेणं ही निव्वळ हौस आहे, आमच्या सौ.ने दोन्ही मुलं आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला नेली, कधी तक्रार केली नाही. तुमच्या हौसेपायी बाकीच्या प्रवाशांनी रडारड का ऐकायची? थोडं झोपेचं सिरप दिलं असतं तर सगळेच सुखी झाले असते. बाळाचं नाक वाहत होतं असं तुम्हीच लिहिलंय, मग जायलाच नको होतं. आणि डोमेस्टिक विमानात पाळणा मिळत नाही हे लिहायला विसरलात."

शेवटच्यापासून सुरू करते. पाळण्याचं तुमचं बरोबर आहे. आपल्याकडच्या छोट्या विमानांत बाळाचा पाळणा अडकवायची सोय नसते, बाळ मांडीवरच घ्यावं लागतं, आईच्या पट्ट्यात अडकवायचा एक छोटा पट्टा देतात तेवढंच. ती ओळ लेखात टाकते. थँक्यू.

आता हौस.

मुद्दा पटला नाही तर नाही, त्याचं काही नाही, पण तुम्ही ज्या सुरात लिहिलंय ना तो सूर मला ओळखीचा आहे. बाई ऑटोने गेली तर हौस, बाईने कुकर दुसऱ्याला लावायला सांगितला तर हौस, आणि तेच माणसाने केलं की वेळेची बचत. तुम्ही स्वतः ऑफिसच्या कामाने विमानाने गेले असाल तेव्हा कोणी तुम्हाला विचारलं का हो, की काय ही हौस?

आणि ट्रेनचं मला सांगू नका बाप्पा, खरंच सांगू नका. माझे बाबा रेल्वेत होते. नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली मी, पासवर अर्धा देश फिरली, गाडीचा हॉर्न ऐकून कोणती गाडी लेट आहे हे घरात चहा पिता पिता सांगायचो आम्ही भावंडं. आई दोन वरच्या बर्थच्या मध्ये साडीची झोळी बांधायची आणि लहान भावाला त्यात टाकायची, वर्धा गेलं बडनेरा गेलं अकोला गेलं, ते पोट्टं आपलं डुलत डुलत झोपलेलं, आणि आई? आई भुसावळपर्यंत त्या झोळीला हात लावून बसलेली असायची कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण डोकं आपटायचा. मनमाडला बाबा उतरून दुधासाठी गरम पाणी आणायचे. तीसुद्धा तक्रार करत नव्हती. आता आजी झाल्यावर करते, आणि मनापासून करते. तुम्ही काकूंना कधी निवांत बसवून विचारलंय का, की तो प्रवास कसा गेला होता? नाही, सहज म्हणते. तक्रार न करणं आणि त्रास न होणं यात फरक आहे एवढं तरी मान्य कराल.

तर ह्यावेळी प्रकरण असं होतं की सासूबाईंच्या आई पुण्यात आजारी, पणतीला बघायचं म्हणून रोज फोन, नवऱ्याला सुट्टी मिळत नव्हती, तो मागून येणार होता. म्हणजे मी एकटी, मांडीवर सहा-सात महिन्यांचं लेकरू आणि सिझरचा टाका थंडी-वाऱ्यात अजून ओढतो. रात्रभराची गाडी, पंधरा-सोळा तास. मला एक सांगा काका, गाडीत बाथरूमला जायचं तर बाळ कोणाजवळ द्यायचं? समोरच्या अनोळखी माणसाजवळ? की त्या हलत्या संडासात कडेवर घेऊन जायचं? हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नसेल कारण तुमच्यासाठी सौ. होत्या. विमान सव्वा-दीड तासाचं. सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, घरून नवऱ्याने सोडलं, पुण्याला दीर उभा होता, मध्ये मला एकदाही उठावं लागलं नाही. ह्याला हौस म्हणत असाल तर म्हणा, मी काही शब्द मागे घ्यायला लावणार नाही, पण मग आमच्याकडे ज्या ज्या बायका बाळंतपणानंतर एकट्या प्रवास करतात त्या सगळ्याच हौशी म्हणायच्या.

पैशाचंही तुमच्या मनात असेलच, लिहिलं नाही तरी. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर घेतलं तर त्याला वेगळी सीट घ्यावी लागत नाही, थोडे पैसे लागतात, आणि वयाचा पुरावा म्हणून महानगरपालिकेचा जन्मदाखला दाखवायचा. माझं तिकीट मी माझ्या पगारातून काढलं. असो.

रडारडीबद्दल. हो, रडली. उतरताना रडली, आणि जोरात रडली, मी लेखात लपवलं नाही. पण ते आईने लाडावून ठेवलं म्हणून रडत नसतं. विमानात आतली हवा जमिनीवरच्या इतकी दाट ठेवत नाहीत, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तेवढीच ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २४०० मीटर. आपला चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, त्याच्या दुपटीहून उंच. परतवाड्याहून घाट चढताना तुमचे-माझे कान बंद होतात ना, मग विचार करा. चढताना कानातली हवा आपोआप बाहेर निघते, उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत घ्यावी लागते, त्यासाठी कान आणि घसा जोडणारी नळी उघडायला पाहिजे. लहान मुलांची ती नळी अरुंद, आखूड आणि जवळजवळ आडवी असते, लवकर उघडत नाही. आपण जांभई देतो, गिळतो, त्याने उघडते. बाळाला कोण सांगणार जांभई दे म्हणून? म्हणून उतरताना पाजायचं, गिळत राहिलं की बरं वाटतं. मी पाजायला घेतलं तेव्हा ती गाढ झोपली होती आणि झोपेत गिळणं फार कमी होतं, कान दुखले तशी उठली आणि रडली. पायलटने सांगितलं की खाली उतरायला सुरुवात करतोय, तेव्हाच उठवायचं असतं, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं महत्त्वाची. हे सगळं लेखात आहे, तुम्ही 'रडली' एवढाच शब्द वाचला बहुतेक.

बाकीच्या प्रवाशांचं म्हणाल तर शेजारच्या सीटवरच्या एका आजोबांनी (तुमच्याच वयाचे असतील) खिशातली किल्ली वाजवून दाखवली तिला. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने तीनदा मागे वळून पाहिलं. तो आणि तुम्ही ओळखीचे आहात का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, सॉरी.

आता ते सिरप. इथे मात्र मी हसून सोडणार नाही, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून उद्या एखादी नवीन आई खरंच देईल. गुंगी येणारी जी जुनी ॲलर्जीची औषधं लोक 'झोपेचं' म्हणून देतात, त्यातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, श्वास मंदावू शकतो. सर्दीच्या सिरपमधली क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनची जोडी चार वर्षांखाली वापरू नये असं बाटलीवर छापा, हे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कंपन्यांना सांगितलंय. शिवाय काही मुलं ह्या औषधांनी झोपायच्या ऐवजी उलट जास्त चिडचिडी होतात. आणि काका, तुम्ही नागपूरचे ना? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या सिरपने किडन्या निकामी होऊन आपल्याच शहरातल्या दवाखान्यांत आणत होते, कितीतरी गेली. ते विषारी रसायनाचं प्रकरण होतं, झोपेच्या औषधाचं नव्हतं, हे मला माहीत आहे, तुम्ही परत कमेंट टाकायच्या आधीच सांगते. पण त्यानंतरही ह्या शहरात बसून कोणी 'थोडं सिरप द्यायचं' इतक्या सहज लिहितं, हे वाचून मला कसंतरीच झालं. दीडशे लोकांची झोप मोडू नये म्हणून मी माझ्या लेकीला गुंगीत टाकायचं? कमाल आहे.

नाक वाहत होतं ते वाहत होतं. धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांनी कान बघून जा म्हटलं म्हणून गेली. प्रत्येक गोष्ट लेखात लिहायची नसते.

आणखी एक तुम्ही खाली वेगळ्या कमेंटमध्ये टाकलंय की आता वंदे भारत आहे, तिने जायचं. हो आहे, ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून सुटते, आमच्या जुन्या क्वार्टरच्या बाजूनेच. चांगली गाडी आहे, मी काही रेल्वेची दुश्मन नाही, रेल्वेच्या पगारावरच मोठी झाली. पण पुण्याला बारा तास, आणि सगळं बसूनच, आडवं व्हायला बर्थ नाही. बाळ मांडीवर घेऊन बारा तास खुर्चीत बसून बघा एकदा, मग आपण बोलू. २०२२ मध्ये रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा बर्थ लावून पाहिला होता, तसं काही आपल्याकडच्या पुण्याच्या गाडीत आलं आणि सोबत नवरा असला तर पहिलं तिकीट मी काढते.

ज्या दोघी-तिघींनी थर्मासचं विचारलंय त्यांना: गरम पाण्याचा थर्मास आणि बाळाचं खाणं मला सिक्युरिटीला उघडून दाखवायला लावलं, मग जाऊ दिलं. बॅगेत वरच ठेवा, तळाशी नको, नाहीतर माझ्यासारखं अख्ख्या लायनीसमोर लंगोट उपसत बसाल. आणि चेक-इनला सीट बदलून मागताना सांगा की मांडीवर बाळ आहे, कारण वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क तीन सीटांना साधारण एकच जास्तीचा असतो, म्हणून एका बाजूच्या रांगेत दोन बाळं बसवत नाहीत. मैत्रिणीच्या शेजारी बसू म्हणून ठरवून गेलात तर तिथे वाद घालत बसाल.

काका, तुमची कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त ते काकूंना वाचून दाखवून मग टाका. आणि हो, पुण्याहून परतही आम्ही विमानानेच आलो.