दडपण नेमके कशाचे?
'बेल अँड सेबॅस्टियन' या स्कॉटिश बँडच्या 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर' या दुसऱ्या अल्बमवर पहिल्याच्या यशाचे दडपण होते, हे त्या अल्बमविषयीच्या लेखातील विधान पटत नाही. ग्लासगोच्या स्टो कॉलेजातील अभ्यासक्रमातून १९९६ मध्ये निघालेल्या 'टायगरमिल्क' या पहिल्या अल्बमच्या जेमतेम १००० ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या आणि १९९९ मध्ये तो पुन्हा प्रकाशित होईपर्यंत बहुतेकांनी तो ऐकलाच नव्हता; त्यामुळे १९९६च्याच अखेरीस आलेला दुसरा अल्बमच अनेकांसाठी पहिला ठरला.

या दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण पातळ असल्याची लेखातील तक्रार मात्र रास्त आहे. बँडचे गायक-गीतकार स्टुअर्ट मर्डॉक यांनाही ते खटकत होते, म्हणूनच २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन या सभागृहात सगळी गाणी पुन्हा वाजवून बँडने ते थेट ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. ते निःसंशय भरदार आहे, तरीही मूळ अल्बममधला काहीसा संकोची, पुटपुटता सूरच मला या गाण्यांना अधिक शोभणारा वाटतो.