मागाजवळ झोपणारा मोत्या फटाक्याला का थरथरतो?

सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळ आली की एक मेसेज गल्लीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: होम मैदानावरच्या दारूकामाने जनावरं घाबरतात हा लाडावलेल्या मालकांचा कांगावा आहे. ऐकून ऐकून सवय होते, जवळ घेतलं की नखरे वाढतात, दोन मिनिटांत विसरतात. फारच वाटलं तर झोपेची गोळी द्या. यंदा तो आमच्या काकांनीही पुढे पाठवला, म्हणून हे लिहितोय.

सवयीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. काका म्हणाले, "तुमचा मोत्या दिवसभर मागाच्या खडखडाटात पाय पसरून झोपतो. मग फटाक्याचंच काय वावडं?" झोपतो, खरंय. टॉवेलच्या मागापासून चार हातांवर झोपतो. पण माग एका लयीत वाजतो, रोज वाजतो आणि त्या आवाजापाठोपाठ कधी काही वाईट घडलेलं नाही. बॉम्ब कधी, कुठून, किती जोरात फुटेल याचा काही नेम नसतो.

हा फरक मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीत थेट मज्जापेशींपर्यंत जाऊन दाखवला. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. या गोगलगायीच्या नळीला हलकेच, पुन्हा पुन्हा स्पर्श केला की ती कल्ला आत ओढायचं हळूहळू कमी करते, कारण स्पर्शाची खबर देणाऱ्या पेशी दर खेपेला कमी रसायन सोडतात. ही झाली सवय. शेपटीला विजेचा झटका दिला तर मात्र सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, त्याच पेशी जास्त रसायन सोडू लागतात आणि साध्या स्पर्शालाही ती जोरात अंग चोरते. झटके वारंवार बसले तर हा हळवेपणा कित्येक दिवस टिकतो. कुत्र्याचा मेंदू याहून फार गुंतागुंतीचा आहे, पण या दोन्ही वाटा त्यालाही आहेत. मोत्या दुसऱ्या वाटेने गेला. गेल्या वर्षीच्या दारूकामानंतर स्वयंपाकघरात ताटली पडली तरी तो कांड्यांच्या पोत्यामागे जाऊन बसायचा. कान मागे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंडातून लाळ. याला सवय म्हणायचं का, काका?

"दोन मिनिटांत विसरतात" हे तर उलटंच आहे. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला हा भीतीचा भाग जागा होतो, मेंदूच्या देठातून नॉरअॅड्रेनालिन हे सावध करणारं रसायन सुटतं, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. कॉर्टिसॉल चढायलाच काही मिनिटं लागतात, उतरायला त्याहून जास्त. शेवटचा बाण विझतो तेव्हा कुत्र्याच्या अंगातली भीती ऐन भरात असते. आणि हीच रसायनं ती आठवण मेंदूत पक्की करतात.

जवळ घेतल्याने नखरे वाढतात म्हणे! बक्षिसाने वाढतं ते जनावर आपण होऊन करतं ते वागणं. थरथरणं कोणी ठरवून करत नाही. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे मायेने बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेचं संप्रेरक वाढतं. तो जवळ आला तर घ्या. लपला तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका.

गोळीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. अशा वेळी सर्रास दिलं जाणारं एसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध हालचालीला लागणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम अडवतं. पाय जड होतात, कुत्रा पडून राहतो, घरच्यांना वाटतं शांत झाला. भीती आत तशीच असते, फक्त पळता येत नाही. काही कुत्री तर त्या गुंगीत आवाजाला जास्तच दचकतात. नॉरअॅड्रेनालिनला आवर घालणारी वेगळी औषधं आहेत, पण ती जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची असतात.

यंदा दारूकामाच्या संध्याकाळी आम्ही खिडक्यांना जाड चादरी लावणार आहोत आणि कामगारांना सुट्टी असली तरी एक माग मी स्वतः चालू ठेवणार आहे. काका, अंधार पडायच्या आत या. मोत्या कुठे जाऊन बसतो ते तुम्हीच बघा.