‘एक्मोवर घेतलं म्हणजे माणूस गेलाच’ हे खोटं आहे

एक्मो म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम काही काळ शरीराबाहेरून करणारं मशीन. त्याबद्दल सोलापुरात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘बायपासनंतर पेशंटला एक्मोवर घेतलं म्हणजे माणूस आधीच गेलेला असतो. नाडी लागत नाही, अंग गार पडतं. बिलासाठी मशीन चालू ठेवतात, आणि ते कितीही दिवस चालतं.’ होटगी रोडला राहणाऱ्या एका बाईंच्या घरचं माणूस एक्मोवर होतं. त्यांनी हाच मेसेज माझ्यापुढे धरला. “ताई, खरं सांगा, जिवंत आहेत ना ते?” मी परफ्युजनिस्ट आहे, हेच मशीन चालवते.

नाडीचं आधी. एक्मोचा पंप ठोके देत नाही, रक्त सलग ढकलतो. हृदय फार थकलेलं असेल तर मनगटाला नाडी लागत नाही, मॉनिटरवर दाबाची रेघ सपाट दिसते. रक्त मात्र मेंदूपर्यंत पोचत असतं. हृदय सावरायला लागलं की त्या रेघेवर बारीक उंचवटे उमटतात. आम्ही रात्र-रात्र तेच बघत असतो. माणूस गेला की नाही हे मेंदूच्या तपासण्यांवरून ठरतं.

अंग गार म्हणाल, तर रक्त ऊबदार ठेवायची सोय मशीनलाच असते. मांडीत नळी असलेला पाय गार किंवा पांढरा दिसला तर मात्र लगेच सांगा. त्या पायाचं रक्त अडलेलं असू शकतं.

‘कितीही दिवस’ हे तर सगळ्यात चुकीचं. रक्त प्लास्टिकला लागलं की गोठू पाहतं, म्हणून हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध द्यावं लागतं. इकडे छातीची जखम ताजी. औषध कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर जखम वाहते, कधी मेंदूत रक्तस्राव. मी टॉर्च मारून ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणारा मशीनचा भाग, तपासते. कोपऱ्यात गुठळीचा काळा धागा दिसला की पोटात गोळा येतो. शिवाय मांडीतल्या नळीतून पंप रक्त हृदयाच्या उलट्या दिशेने ढकलत असतो, त्यामुळे दुबळ्या हृदयावरचा ताण वाढतो, फुफ्फुसांत पाणी साठतं. किडनी थकते, जंतुसंसर्ग होतो. दिवस वाढले की धोके वाढतात. शस्त्रक्रियेनंतर एक्मोवर गेलेल्या दहांपैकी तीन-चारच जण घरी जातात. पण ते जातात, आणि मशीन नसतं तर बहुतेक जण ऑपरेशन टेबलवरून उठलेच नसते.

खर्च मोडून टाकणारा असतो, त्यावरचा राग मला समजतो. तपशीलवार लेखी हिशेब मागा, तो तुमचा हक्क आहे.

त्या बाईंना मी एवढंच सांगितलं: रोज सकाळी डॉक्टरांना विचारा, ‘मशीनचा फ्लो कमी केल्यावर हृदय स्वतः किती काम करतंय?’ त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे ते लिहून घेतलं.